चालत जा, फरशी ओली आहे

आमच्या सुपरमार्केटच्या दारात ती बाई गार्ड म्हणून रुजू झाली, तेव्हा मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला होता. वय साठीकडे झुकलेलं, उंची बेताची, युनिफॉर्मची टोपी कानांपर्यंत खाली आलेली. त्याआधी तिने तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली होती, त्यामुळे पहिल्याच दिवशी दुकानात तिचं नाव कंडक्टरबाई पडलं. मी तिथला मॅनेजर. मी हेड ऑफिसकडे चोर पकडणारा माणूस मागितला होता आणि त्यांनी ही पाठवली होती.

त्या दिवसांत चोऱ्यांनी अगदी जीव नकोसा केला होता. दाढीची पाती जायची, क्रीमच्या बाटल्या जायच्या, आणि सगळ्यांत जास्त जायचे बाळाच्या दूध पावडरचे डबे. कोटाच्या आतून, बाबागाडीतून, एकदा तर मिटलेल्या छत्रीतून. शेवटी मी कंबर कसली. महागडा माल काचेच्या कपाटात कुलूपबंद केला. दुकानाच्या मागच्या बाजूला संकटकाळी बाहेर पडायचं दार होतं. चोर तिथूनच सटकतात हे माझ्या लक्षात आलं होतं. दाराला कुलूप लावायला नियमाची आडकाठी होती, म्हणून मी त्याच्यासमोर साबण पावडरची खोकी छातीपर्यंत रचून ठेवली. कागदोपत्री दार उघडं, प्रत्यक्षात बंद. स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

कंडक्टरबाईने दुसऱ्याच दिवशी ती खोकी पाहिली.

"साहेब, हे दार उघडणार कसं?"

"उघडायचंच नाहीये."

"आणि आग लागली तर?"

"लागली तर बघू. सध्या चोरांनी लावलीय तेवढी पुरे."

ती दारात आपल्या जागेवर परत गेली. पण आठवडाभराने एक जण पिशवी छातीशी धरून धावत सुटला, तेव्हा ती त्याला आडवी जायची सोडून चक्क बाजूला झाली. वर दार उघडून धरलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"तुम्हाला पगार कशाचा मिळतो हो, बाई?"

"दारात तीन बायका होत्या, साहेब. एकीच्या कडेवर मूल. मी मध्ये पडले असते तर तो त्यांच्यावर आदळला असता." मग जरा थांबून म्हणाली, "माल परत मागवता येतो."

मी तिला कमीत कमी शब्दांत बाहेर घालवलं. महिनाअखेर हिला नारळ द्यायचा, हे माझं ठरलं. तोवर चोरांच्या मागे धावायचं काम मी दुसऱ्या गार्डवर सोपवलं. त्याला सगळे पैलवान म्हणत. आखाड्याचं तोंड त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण खांदे दरवाजाएवढे होते आणि धावायची हौस दांडगी होती.

तो शनिवार होता. सकाळचे साडेअकरा वाजलेले, दुकान गच्च भरलेलं. बिलाच्या काउंटरांपुढे कुणाच्या तरी हातून तेलाची बाटली फुटली होती आणि सफाईवाली फरशी पुसत होती. माझे वडीलही आले होते. बाबा रोज यायचे. घ्यायचे असायचे दोन टोमॅटो, पण तासभर थंड हवेत फिरून, बरण्यांवरची सगळी लेबलं वाचून मगच निघायचे. कानाचं यंत्र घरी टीव्हीसमोर ठेवून यायचे. दुकानात कोण माझ्याशी बोलणार आहे, म्हणायचे.

केबिनमधल्या पडद्यावर मला राखाडी जॅकेटमधला एक माणूस दिसला. दूध पावडरच्या कपाटाचं कुलूप त्याने कशाने तरी उचकटलं आणि डबे पिशवीत टाकायला लागला. मी वॉकीटॉकीवर म्हणालो, "पैलवान, दूध पावडर. पकड त्याला."

हे माझे शब्द. ते मला आजही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील.

पैलवान धावला. तो माणूस मागच्या दाराकडे पळाला. खोक्यांना त्याने खांदा लावला, दोन लाथा मारल्या. खोकी हलली नाहीत. मी ती फार मन लावून रचली होती. पाठीमागे पैलवान, पुढे बंद दार. तो गर्रकन वळला तेव्हा त्याच्या हातात कटर होता, खोकी फोडायला आमची पोरं वापरतात तसला. पैलवान दचकून बाजूला झाला, त्याच्या बाजूने निसटून तो माणूस पुढच्या दाराकडे निघाला आणि पैलवान पुन्हा त्याच्या मागे लागला.

पुढच्या दारापर्यंत दुकानाची मधली लांबलचक वाट होती. तिच्यात चाळीसएक माणसं, ट्रॉल्या, टोपल्या, लहान मुलं. दोन्ही बाजूंना काचेच्या बरण्या. कुणीतरी किंचाळलं, "चाकू!" आणि सगळी वाट एकदम पुढच्या दाराकडे लोटली. काउंटरपाशी दोन ट्रॉल्या एकमेकींत अडकल्या. ओल्या फरशीवर एक बाई गुडघ्यांवर आपटली आणि मागचे तिच्यावर ढकलले जायला लागले. मी केबिनच्या पायरीवर उभा होतो. पाय उचलत नव्हता.

तेवढ्यात आवाज आला.

"चला, सरका! डावीकडे सरका! ट्रॉल्या सोडा, पोरं उचला! ताई, त्यांना हात द्या, उठवा! सरका, जागा आहे!"

ती ओरडत नव्हती. तीस वर्षं इंजिनाच्या घरघरीवरून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचलेला तो आवाज होता आणि त्यात घाईचा लवलेश नव्हता. काय सांगू, माणसं सरकली. विचार न करता सरकली. ट्रॉल्यांवरचे हात सुटले, मुलं कडेवर गेली, पडलेली बाई उठली आणि चाळीस माणसं डाव्या मांडणीला पाठ टेकून उभी राहिली. मधली वाट रिकामी झाली. सहा वर्षं मी त्या दुकानात होतो, पण भर गर्दीच्या वेळी ती फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी मी कधीच पाहिली नव्हती.

"पैलवान, थांब तिथेच. हात खाली."

पैलवानने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, असं तो सांगतो. मला आठवत नाही. तो थांबला एवढं खरं.

आणि मग मला दिसलं की वाट पूर्ण रिकामी नाही. बरोबर मध्यावर बाबा उभे होते. चोराकडे पाठ, हातात एक बरणी, डोळ्यांपासून लांब धरून तिच्यावरचं काहीतरी वाचत होते. त्यांना काही म्हणजे काही ऐकू गेलं नव्हतं.

"बाबा!" मी ओरडलो. पण त्यांना हाक ऐकू जाणार होती थोडीच!

कंडक्टरबाई चालायला लागली. धावली नाही. त्या मोकळ्या वाटेवरून, समोरून कटर घेऊन येणाऱ्या माणसाच्या दिशेने, बसमध्ये मागच्या बाकांची तिकिटं काढायला जावं तशी चालत गेली. बाबांपाशी पोहोचली, हातातली बरणी काढून मांडणीवर ठेवली, त्यांच्या कोपरात हात घातला आणि त्यांना वळवलं. आता तिची पाठ त्या माणसाकडे होती, आणि तो चार पावलांवर.

"चला काका, या बाजूला."

बाबांना तिने मांडणीशी उभं केलं आणि स्वतः त्यांच्यापुढे उभी राहिली. मगच त्या माणसाकडे पाहिलं.

"दार उघडं आहे," ती म्हणाली. "कुणी अडवणार नाही. चालत जा. पळू नको, फरशी ओली आहे."

त्याचा वेग कमी झाला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. धापा टाकत, कटर तसाच हातात धरून तो माणूस चालायला लागला. चाळीस माणसांच्या समोरून, कुणाच्याही नजरेला नजर न देता. तेल सांडलं होतं तिथे त्याने पाऊल जपून टाकलं. मग दाराबाहेर गेला आणि दार आपोआप मिटलं.

इतकी शांतता पसरली की फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते तिच्याकडे बघत होते. एक बाळ रडायला लागलं तेव्हा कुठे लोकांचे श्वास सुटले. कंडक्टरबाई गुडघा खरचटलेल्या बाईपाशी जाऊन बसली आणि मला म्हणाली, "साहेब, पोलिसांना फोन करा. आणि पाणी आणा."

मी दोन्ही केलं. मग मागे जाऊन ती खोकी एकेक करून हलवली. पैलवान मदतीला आला, त्याला मी नको म्हणालो.

तो माणूस दोन आठवड्यांनी दुसऱ्या एका दुकानात सापडला. तिथे तिघांनी त्याला दारात घेरलं होतं. त्या झटापटीत भाजी घ्यायला आलेल्या एका मुलीच्या हातावर वार झाला, अकरा टाके पडले. ओळख पटवायला पोलिसांनी मला बोलावलं, तेव्हा ते कळलं. हेड ऑफिसचे साहेबही मध्ये येऊन गेले. "तुम्ही चोराला वाट करून दिलीत?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो. आणि यापुढेही देणार." त्यांनी कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि चहा न घेताच गेले. कंडक्टरबाईला नारळ द्यायचा विषय कुणी काढला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी निघताना मी तिला विचारलं होतं, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"उशीर होतोय साहेब, माझी बस जाईल," म्हणाली आणि टोपी पिशवीत टाकून निघून गेली.

घरी जेवताना बाबा कुरकुरत होते. त्यांचं वाचन अर्धवट राहिलं होतं, आणि कोण कुठली बाई त्यांना ओढून नेते म्हणजे काय? मी त्यांना कानाचं यंत्र लावायला सांगितलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कटरचं, चार पावलांचं, तिच्या पाठीचं. ताटातला भात बाबांनी एका कडेला गोळा केला.

मग म्हणाले, "तिचा हात थंडगार पडला होता रे. मला वाटलं, एसीमुळे."