अँटेनाकाकांचं खरं निघालं

रिटायर झाल्यापासून गच्चीवर तांब्याच्या तारा ताणून कसल्याशा लहरी अडवत बसायचे, म्हणून बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे अँटेनाकाका म्हणायचे. पृथ्वी आतून पोकळ आहे, डॉक्टरांच्या गोळ्या माणसाला आजारी ठेवण्यासाठीच बनवतात, असलं काहीबाही ते जिन्यात सापडेल त्याला ऐकवायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या केमिस्टबाईंची तर त्यांच्यामुळे छान करमणूक व्हायची.

बाई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. एकवीस वर्षांच्या कामाने त्यांचा स्वभावच झाला होता : पुरावा दाखवा, मग बोला. घरात त्या आणि मोठी बहीण, दोघीच. ताई रिटायर झालेली शिक्षिका. ब्लडप्रेशरची गोळी नेमाने घेणारी आणि धाकटीच्या हुशारीचं कौतुक दारोदार सांगणारी.

एका सकाळी काकांनी बाईंना जिन्यात गाठलं. हातात पाण्याची बाटली.

"बाई, एवढं तपासून द्या. आपल्या पाण्यात शिसं उतरलंय."

"कशावरून?"

"मोबाइल टॉवरच्या लहरींनी पाइपातला धातू सुटतो. माझ्या तारा थरथरतायत की!"

बाईंनी हसू दाबून बाटली घेतली. दुपारी डबे खाताना काकांची नक्कल करून सगळ्यांना पोट धरून हसवलं. शिसं मोजायचं यंत्र चालूच होतं, एक नमुना जास्त लावायला दहा मिनिटं पुरली असती. बाईंनी पाणी बेसिनमध्ये ओतलं. आठवड्याने काकांनी विचारलं तेव्हा "पाणी चांगलंय हो," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. ताईलाही त्यांनी तेच सांगितलं.

पाच महिन्यांनी तळमजल्यावरच्या शिंप्याच्या चार वर्षांच्या मुलीचं पोट दुखायला लागलं. ती किरकिरी झाली, येत होते ते शब्दही विसरायला लागली. रक्त तपासलं तर त्यात शिसं. मग बाईंनी स्वतः सगळ्या नळांचे नमुने यंत्राला लावले. समोर आलेला आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. टाकीकडून येणारा जुना पाइप शिशाचा होता.

पार्किंगमध्ये मीटिंग भरली. शिंप्याने सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, काकांनी तुम्हाला बाटली दिली होती ना? काय निघालं होतं त्यात?"

"मी तपासलंच नाही," बाई म्हणाल्या.

तिथेच थांबायला हवं होतं. पण राहवलं नाही. "मात्र काकांचं कारण चुकीचं होतं. लहरींचा काही संबंध नाही, पाइपच—"

"कारण चुकीचं असलेला माणूस सांगायला तरी आला," शिंपी म्हणाला. "तुमची कारणं बरोबर. ती घेऊन काय करू मी आता?"

त्या दिवसापासून काकांच्या दाराशी चपलांचा ढीग पडायला लागला. कालपर्यंत टर उडवणारी माणसं आता मनगटात त्यांनी वळून दिलेली तांब्याची कडी घालून फिरायला लागली. ताईनेही एक घातलं. मग एकदा बाईंना कचऱ्याच्या डब्यात गोळ्यांची आख्खी पाकिटं दिसली.

"ताई, हे काय?"

"सोडल्या. काका म्हणतात, शरीराला सवय लावून ठेवतात गोळ्या."

बाईंनी जंग जंग पछाडलं. कागद दाखवले, डॉक्टरांना फोन लावून दिला. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाण्याचंही तू असंच छातीठोकपणे सांगितलं होतंस," ती म्हणाली. "त्या पोरीच्या आईला मीच म्हटलं, माझी बहीण म्हणते चांगलंय, बिनधास्त पाज."

बाईंनी कागद गोळा केले.

दोन महिन्यांनी कपडे वाळत घालता घालता ताई कोसळली. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. हॉस्पिटलमधून घरी आल्यावरही ती कडं काढू देईना. गोळी दिली की थुंकून टाकायची. शेवटी बाई ओट्याशी पाठ करून उभ्या राहायच्या, गोळी कुटायच्या आणि सूपमध्ये ढवळून भरवायच्या.

एका दुपारी काका भेटायला आले. त्यांना हाकलून द्यावं असं बाईंच्या मनात आलं, पण म्हातारा ताईचा हात हातात घेऊन खरोखरच रडत होता. ताईने खुणेने बाईंना प्रेशर बघायला सांगितलं. एकशे अठ्ठावीस, ऐंशी.

ताईचा अर्धा चेहरा उजळला. "एकही... गोळी नाही," ती अडखळत म्हणाली.

काका बाईंकडे वळले. चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता, उलट अजिजी होती. "बाई, तुम्ही सायन्सच्या. गोळ्यांशिवाय प्रेशर उतरलं, एवढं लिहून द्याल? चौथ्या मजल्यावरचे आजोबा अजून गोळ्या सोडायला घाबरतात. तुमचा कागद पाहिला तर सोडतील."

बाईंनी ताईकडे पाहिलं. गप्प राहिलं तर ही जगेल. मग आजोबांचं काय?

"गोळ्या चालू आहेत," त्या म्हणाल्या. "मी रोज सूपमध्ये घालते."

ताईने बहिणीकडे पाहिलं. मग डाव्या हाताने तिने समोरचा सूपचा वाडगा हळूच बाजूला सारला.

त्यानंतर बाईंच्या हातचं तिने काही खाल्लं नाही. शिंप्याची बायको येऊन भरवायची. सात आठवड्यांनी दुसरा झटका आला आणि ताई गेली. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी गोळ्या सोडल्या की नाही, हे बाईंना कुणी सांगितलं नाही. त्यांच्याशी कुणी बोलतच नव्हतं. बिल्डिंगमध्ये आपसात मात्र एकच बोललं जात होतं : सख्खी बहीण, पण रोज चोरून गोळ्या घालत होती हो तिला.