सूनबाईंचा हातगुण

मालकांच्या गोठ्यात गाईंना माजावर यायची मुभा एकाच दिवशी होती. पूर्वी त्या आपापल्या मर्जीने यायच्या. एखादी पहाटे हंबरून सगळं घर उठवायची, एखादी भर दुपारी, आणि एखादी लाजाळू तर माज लपवून महिना फुकट घालवायची. मालकांना बेशिस्त खपत नसे. म्हणून इंजेक्शनं आली. टोचलं की दोन-चार दिवसांत सगळ्या ओळीने माजावर, रेतन करणाऱ्याची एकच खेप, सगळ्या एकदम गाभण, सगळ्या एकदम व्यायल्या. "शाळा भरल्यासारखं," असं मालक आल्यागेल्याला सांगत.

मालक म्हणजे घरातले वडील. त्यांना त्यांची बायकोही मालकच म्हणे. एकुलता एक मुलगा तो धाकटे मालक. त्यांचं वय चाळिशीला टेकलं होतं, पण थोरल्यांची तब्येत दमा सोडला तर उत्तम असल्यामुळे त्यांची बढती अडकली होती.

इंजेक्शनच्या दिवशी कामाची वाटणी ठरलेली: भरणं बायकांचं, टोचणं पुरुषांचं. ही वाटणी कुणी केली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण बायकांनी चहा ओतावा आणि पुरुषांनी तो प्यावा इतकी ती सरळ वाटे. दूधघरातल्या ओट्याशी उभी राहून सून बाटली उलटी धरायची आणि चाळीस गाईंच्या सिरिंजा भरायची. बुडबुडा काढायला सुई वर करून दट्ट्या दाबला की थेंब उडायचा आणि बोटांवरून मनगटाकडे ओघळायचा. ती तो कपड्याला पुसायची आणि पुढची सिरिंज घ्यायची. तिच्याइतक्या झपाट्याने हे कुणाला जमत नसे. मालक तिला "आमची कंपाउंडर" म्हणत. या घरात तिचं झालेलं हे एकमेव कौतुक असल्यामुळे ती ते जपून होती.

गोठ्यात हातमोजेही होते, चांगले खांद्यापर्यंत येणारे. रेतन करणारा ते घालायचा, गाईला माणसाची घाण लागू नये म्हणून. उलट दिशेनेही काही लागू शकतं, अशी शंका कुणाला आलेली नव्हती.

ज्या गाई नुसत्या सुईला दाद देत नसत त्यांच्या योनिमार्गात औषध लावलेलं प्लास्टिक आठवडाभर ठेवत. ती प्लास्टिकं दोनदा वापरून झाली की रिकाम्या बाटल्यांसोबत मागच्या ओढ्यात जात. "ओढ्याला पोट नसतं," मालक म्हणायचे, "तो सगळं पुढे देतो." पुढे कोण राहतं, हा पुढच्यांचा प्रश्न होता.

सून आजवर दोनदा गरोदर राहिली होती. दोन्ही वेळा सासूबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या आईंनी, दूधघराच्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला मापासोबत बातमी घातली होती. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं, आणि मग त्याच प्रत्येकाचं "अरेरे" सुनेला खिडकीत उभं राहून घ्यावं लागलं. आई काही लागट बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की एकेकीच्या अंगात धरून ठेवायची ताकदच नसते, त्याला कोण काय करणार. हे त्या खिडकीशीही म्हणाल्या.

म्हणून तिसऱ्या वेळेला नवराबायकोने ठरवलं, की पोट दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. दुसरा महिना चालला होता, आणि इंजेक्शनचा दिवस आला होता.

त्या सकाळी धाकटे मालक औषध आणायला जनावरांच्या दवाखान्यात गेले. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. ते औषधाची खोकी गोळ्याबिस्किटांसारखी काढून द्यायचे. त्यांच्या जागी एक तरुण बाई आली होती आणि तिला प्रश्न विचारायची सवय होती.

"सिरिंजा कोण भरतं तुमच्याकडे?"

"मिसेस."

"वय काय?"

"कुठल्या गाईचं?"

"मिसेसचं."

"तेहतीस."

"दिवस गेलेत?"

धाकट्या मालकांनी ठरल्याप्रमाणे "नाही" म्हणून सांगितलं.

"नसले तरी तिला हात लावू देऊ नका. हे कातडीतून आत जातं. गर्भ पडू शकतो. गर्भाशय गाईचं की बाईचं, औषधाला कळत नाही. घरात दमेकरी कुणी?"

"वडील."

"त्यांनाही नको. श्वास कोंडेल. तुम्ही भरा, हातमोजे घालून. सांडलं तर लगेच साबणाने धुवायचं."

"जुने डॉक्टर कधी बोलले नाहीत."

"खोक्यावर लिहिलंय."

लिहिलं होतं. गेली पाच वर्षं धाकटे मालक याच खोक्यावर डोस वाचत आले होते. डोस मोठ्या अक्षरात होता.

"आणि रिकाम्या बाटल्या, ती प्लास्टिकं कुठे टाकता?"

"मागे."

"मागे म्हणजे?"

"मागे ओढा आहे. तिथून ते पुढे जातं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांच्यात औषध उरलेलं असतं. पाण्यात मासे असतात, बेडूक असतात, खाली कुणीतरी ते पाणी भरत असेल. आम्हाला आणून द्या, आम्ही जाळतो."

"हो हो," धाकटे मालक म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. ते मनातल्या मनात मागे चालले होते. पहिल्या वेळेला काय झालं होतं? गोठ्यात शाळा भरायचे दिवस होते. भरलेल्या सिरिंजांचा ट्रे धरून तेच उभे होते. दुसऱ्या वेळेला? तेव्हाही ट्रे त्यांच्याच हातात होता, आणि "आटप ना, गाई बांधून ठेवल्यात," असं ते तिला म्हणाल्याचंही त्यांना आठवलं.

घरी येईपर्यंत त्यांना अडचण नीट कळली. बायकोला या कामातून काढायचं तर कारण द्यायला हवं. खरं कारण दिलं तर हे तिसरं उघडं पडणार, आणि ते पडलं की आधीची दोनही उकरली जाणार. एकेकीच्या अंगातल्या ताकदीबद्दल खिडकीशी जे बोललं गेलं ते परत गिळावं लागणार. आईंना गिळायची सवय नव्हती. आणि ट्रे कुणी धरला होता, हेही निघालं असतं.

दुपारी जेवताना त्यांनी विषय काढला. "आज सिरिंजा मी भरेन."

"आणि टोचणार कोण?" मालक म्हणाले. "मी? दोन गाईंत मला धाप लागते."

"टोचेनही मीच."

"म्हणजे रात्र होईल. कंपाउंडर काय संपावर आहे?"

"भांडलात का रे?" आईंनी विचारलं.

"माझं काही चुकलंय का?" सून म्हणाली.

तिघेही त्यांच्याकडे बघत होते. धाकट्या मालकांनी घास गिळला. घासासोबत खरं कारणही खाली गेलं आणि तोंडात जे उरलं होतं ते बाहेर आलं.

"गेल्या खेपेला बऱ्याच गाई गाभण न राहता उलटल्या ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरणाऱ्याच्या हातावर असतं."

"हातावर म्हणजे?"

"म्हणजे... हातगुण."

आईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "मी म्हणतच होते."

त्या काहीच म्हणत नव्हत्या, पण डब्याला झाकण बसावं तसं ते बसलं. गाई का उलटल्या, हे कळलं. गेल्या उन्हाळ्यात दोन कॅन दूध का नासलं, हेही कळलं. बाकीचं कुणी बोलून दाखवलं नाही, पण तेही कळलं.

"बाई हुशार दिसते," मालक म्हणाले. "जुना तो नुसता पाट्या टाकायचा. मग बारकी भरेल. तिचा हात चांगला आहे. तिने हात लावलेली गाय कधी लाथ मारत नाही."

बारकी म्हणजे धारा काढणाऱ्या गड्याची बायको. तिला विचारायचा प्रश्न नव्हता, ती बारकी होती.

सुनेने ताटं उचलली. एकावर एक रचली, चमचे वेगळे केले, आणि कुणाकडेही न बघता आत गेली.

जेवणानंतर धाकट्या मालकांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, खोक्यावर काय आहे, सगळं. शेवटी म्हणाले, "नाहीतर मी असं बोललो असतो का? सुटलीस की नाही?"

ती पलंगाच्या काठावर बसली होती. स्वतःचे हात तिने मांडीवर उलटेपालटे करून पाहिले.

"मग आधीची दोन?"

"ते आता कुणी सांगावं. असेल किंवा नसेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

ते गप्प राहिले. गप्प राहणं ही त्यांची प्रामाणिक राहायची एक पद्धत होती.

"बाहेर जाऊन हे सांगा," ती म्हणाली. "आईंसमोर. हातगुणाचं खोटं होतं म्हणून सांगा."

"सांगणार आहे ना. बाळ झालं की सांगू. आनंदात सगळं खपून जातं."

"आणि बारकी?"

"तिला दोन आहेत," धाकटे मालक म्हणाले.

बोलून झाल्यावर वाक्य त्यांना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी लगेच खिडकीचा पडदा सारखा केला.

दुपारच्या धारा झाल्या तेव्हा दूधघरात ट्रे मांडला गेला. मालक खुर्चीत बसले होते. आई खिडकीशी माप घेऊन, कारण दूध न्यायला माणसं यायला लागली होती. बारकी ओट्याशी उभी होती. नवीन काम मिळाल्यामुळे तिने हात दोनदा धुऊन कोरडे केले होते. तिने बाटली उलटी धरली आणि सुई बुचात घातली, एवढ्यात सून आत आली.

"ठेव ती."

"वहिनी, मला मालकांनी..."

"ठेव म्हणते ना. हाताला लागलंय का काही?"

"नाही लागलं."

"तरी धू. साबण लावून धू."

"आता हा काय प्रकार?" मालक म्हणाले. "हातगुणाचा राग मानायचा नसतो, सूनबाई. कुणाच्या हातात असतो, कुणाच्या नसतो."

"मला दिवस गेलेत," सून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. दुधाचा भाव सांगावा तसं ती सांगत होती. "हे औषध पोटुशा बाईने हातात धरायचं नसतं. कातडीतून आत जातं आणि गर्भ पडू शकतो. डॉक्टरीणबाई हे म्हणाल्या होत्या. हातगुण कुणी म्हणालं नव्हतं. विचारा यांना."

सगळ्यांनी धाकट्या मालकांकडे पाहिलं. ते दारात उभे होते आणि त्यांच्या हातात गाय धरायची दोरी होती.

"हो," ते म्हणाले. "म्हणजे साधारण तसंच."

"आधी ती खिडकी लावा," मालक म्हणाले.

आईंनी खिडकी लावली. बाहेर कुणीतरी "अहो, अर्धा लिटर राहिला" म्हणालं ते अर्ध्यावरच तुटलं.

"दिवस गेले," आई म्हणाल्या, "आणि मला सांगितलं नाही?" मग त्यांच्या चेहऱ्यावर हिशोब सुरू झालेला दिसला. त्या एकदा सुनेकडे, एकदा ट्रेकडे बघत होत्या. "म्हणजे मग ती..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. क्षणभर असं वाटलं, की त्या सुनेजवळ जातील. एक पाऊल त्यांनी टाकलंही. पण इतक्या वर्षांची सवय पावलापेक्षा वेगाने पोहोचली. "एवढी शिकलेली तू. बाटलीवरचं वाचता नाही आलं?"

सुनेने साबण बारकीच्या हाताशी सरकवला.

"हे गोठ्याबाहेर जाता कामा नये," मालक म्हणाले. "औषध दुधात उतरत नाही, पण बोभाटा उतरतो. उद्या एक माणूस किटली घेऊन येणार नाही." त्यांना जरा धाप लागली होती, ती त्यांनी पंप ओढून शांत केली. "बरं. मग भरणार कोण?"

"मी भरते," आई म्हणाल्या. "माझं काय व्हायचंय आता."

"हे भरतील," सून नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "मोजे घालून. आणि टोचतीलही हेच. रात्र झाली तर होऊ दे."

धाकट्या मालकांनी दोरी खाली ठेवली. खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. तो दूधघरात फार मोठा दिसत होता. त्यांनी बाटली उचलली आणि कितपत उलटी धरायची ते बघू लागले.

बारकी अजून नळाशीच होती. तिचे हात केव्हाच धुऊन झाले होते, तरी ती धूत होती.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "ती गाईंच्या आतली प्लास्टिकं मी घासते ना. दुसऱ्यांदा घालायच्या आधी. गेल्या आठवड्यातच टोपलंभर घासली. ते पण ह्यातलंच का?"

तिने नळ बंद केला.

"नाही, माझा महिना चुकलाय म्हणून विचारते," बारकी म्हणाली. "आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. आईंनीही, मालकांनीही पाहिलं. डॉक्टरीणबाईंशी बोललेला तो एकटाच माणूस होता.

"तिने ते सांगितलं नाही," धाकटे मालक म्हणाले. मग म्हणाले, "मी विचारलं नाही."

"आता विचारा."

"उद्या जातोच आहे तिकडे..."

"आता."

त्यांनी मोजा काढला, खिशातून फोन काढला आणि दाराकडे वळले. "हां, गोठ्यात जाऊन बोल," मालक म्हणाले.

"इथंच," सून म्हणाली. "मोठ्याने लावा. तिला ऐकू दे."

घंटी वाजत राहिली. बंद खिडकीवर बाहेरून कुणीतरी किटली आपटली आणि मालक तिकडे वळून ओरडले, "थांबा जरा, धारा चालल्यात." मग फोन उचलला गेला.

"मॅडम, सकाळी येऊन गेलो तो," धाकटे मालक म्हणाले. "त्रास देतोय. एक छोटंसं विचारायचं होतं."

"छोटंसं नाही," सून म्हणाली, आणि फोन त्यांच्या हातातून घेतला.