रिस्परमावशीचा चौथा चष्मा

दोनशे बत्तीस काचा पोटात बाळगणारी मी एक म्हातारी पेटी आहे, मित्रांनो. चष्म्याचा नंबर काढायची पेटी. माझे अंग अक्रोडाच्या लाकडाचे, आत निळी मखमल आणि मखमलीच्या खाचांत रांगेने उभी असलेली गोल भिंगे. सोबत एक जड चौकट आहे. ती माणसाच्या नाकावर बसवायची आणि तिच्यात एकेक भिंग घालून पाहायचे.

माझा जन्म अलेक्झांड्रियातल्या एका कारागिराकडे झाला. तिथून मी नाईलकाठच्या मिन्या शहरात बुत्रोस चष्मेवाल्यांकडे आले आणि त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा विसा माझा धनी झाला. सगळे त्यांना विसाकाका म्हणत. वकील, मास्तर, आमच्या कॉप्ट, म्हणजे इजिप्ती ख्रिस्ती, चर्चचे पाद्री, पलीकडच्या मशिदीचे इमाम, लग्न ठरलेल्या मुली, सगळ्यांचे डोळे मी पाहिले. "विसा नंबर काढतो म्हणजे दगडावर कोरतो," असे लोक म्हणत. खरे सांगते, त्यातली अर्धी स्तुती मी स्वतःकडे घेत असे.

मग यंत्र आले. हनुवटी टेकवा, आतला फुगा बघा, की चिठ्ठी बाहेर! मी फळीवर गेले आणि तेरा वर्षे तिथेच राहिले.

चौदाव्या वर्षी चर्चने केनियात दहा दिवसांची सेवायात्रा ठरवली. मोठ्या सरोवराकाठी एक गाव होते, तिथल्या दवाखान्यात डोळे तपासायचे होते. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून यंत्र मागे राहिले आणि मी विमानात बसले. काकांनी मला सामानात जाऊ दिले नाही. मांडीवर घेतले.

ही गोष्ट त्या यात्रेतल्या सहाव्या दिवसाची.

सकाळीच दवाखान्याच्या ओसरीवर रांग लागली होती. आमच्या पथकाची प्रमुख होती डॉक्टर इरीनी, काकांची पुतणी. मिन्यातल्या घराघरांतून गोळा केलेल्या चष्म्यांची दोन पोती तिच्याजवळ होती, आणि आज तीनशे माणसे तपासायचीच असा तिचा निश्चय होता. दवाखान्याची नर्स अपियो शेजारी बसून गावकऱ्यांचे बोलणे इंग्रजीत समजावून देत होती.

रांगेतून एक उंच, सडपातळ बाई पुढे आली. शाळेचे गणवेश शिवणारी रिस्परमावशी. इरीनीने पोत्यातला एक चष्मा तिच्यापुढे धरला. मावशीने तो घेतला नाही. तिने पिशवी उघडली आणि टेबलावर एकापुढे एक तीन चष्मे मांडले.

"हा पहिल्या पाहुण्यांचा. हा त्यांच्यानंतरच्यांचा. हा गेल्या वर्षीचा. तुझा चौथा. बाई गं, डोळे मला दोनच आहेत!"

रांग खदखदून हसली. इरीनी गोरीमोरी झाली. "यातून दिसत नाही का?"

"दिसतं की! एका सुईच्या दोन सुया दिसतात. खरी कोणती, ते बोटात शिरल्यावर कळतं." मावशीने बोट पुढे केले. टोकाला जुन्या-नव्या जखमांची चाळण झाली होती.

काकांना अरबीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. पण त्यांनी ते बोट पाहिले.

"इरीनी, हिला माझ्याकडे बसव."

"काका, मागे दोनशे माणसं उभी आहेत."

"असू देत. बसव."

मावशीच्या नाकावर चौकट चढली. काकांनी साधी भिंगे घालून पाहिली. उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांचा हात माझ्या खालच्या रांगेकडे गेला. तिथली भिंगे एकाच अंगाने वाकलेली असतात. नुसती घालून भागत नाही, ती डोळ्यासमोर फिरवून नेमक्या कोनात बसवावी लागतात. तेरा वर्षांत त्यांना कोणी शिवलेले नव्हते. मला धाकधूक वाटली, पण मखमलीने माझी लाज राखली. काचा स्वच्छ निघाल्या.

अर्धा तास गेला. काका भिंग फिरवत, अपियो विचारी, मावशी नकारार्थी मान हलवी. रांगेतून एक म्हातारा ओरडला, "अहो, नंबर काढताय की तिचं लग्न जुळवताय?"

इतक्यात अपियो हळूच म्हणाली, "काकांना सांगा, मावशी डावीकडे मान कलती करून बघते. चर्चमध्येही तशीच बघते. मान कलती असली, की तिला थोडं बरं दिसतं."

इरीनीने ते अरबीत सांगितले. काकांनी अपियोकडे रोखून पाहिले. "हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. सात वर्षं मी हिची बोटं बांधतेय, तेवढंच."

"मग तूच फिरव," असे म्हणून काकांनी तिला जागा दिली.

अपियोने भिंग केसभर फिरवले. आणखी केसभर. मावशीची मान सरळ होत गेली. तिने झग्याच्या गळ्याला खोचलेली सुई काढली, दोरा घेतला आणि पहिल्या झटक्यात ओवला.

"आता हे काढू नका," मावशी म्हणाली.

"मावशी, ही चौकट परत द्यायची असते," अपियो म्हणाली.

"आम्ही चष्मा मिन्याहून करून पाठवू," इरीनी घाईने म्हणाली.

"गेल्या वर्षीचेही असंच म्हणाले होते." मावशीच्या आवाजात राग नव्हता. तिने स्वतःच चौकट उतरवली, तीन चष्मे पिशवीत भरले आणि ती ओसरी उतरून गेली.

संध्याकाळी चहाच्या वेळी इरीनी रडवेली झाली होती. "चर्चला काय सांगू, काका? तीनशेच्या जागी एकशे एक्केचाळीस!"

"सांग, एकशे चाळिसांना चष्मे दिले आणि एकीला दिसलं." मग काका अपियोकडे वळले. "इथे जवळ चष्मे कुठे करून मिळतात?"

"किसुमू शहरात दुकान आहे. नंबर लिहून नेला, की आठवड्यात करून देतात. पण नंबर काढणार कोण?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या मनातले मी ओळखले आणि मनातून हादरले. परका देश, परकी भाषा, परके हात!

इरीनीही चमकली. "काका, ही आजोबांची पेटी आहे!"

"त्यांची आहे म्हणूनच म्हणतो. त्यांनी ठेवली असती का ही तेरा वर्षं बसवून?"

"आणि अपियोला हे चार दिवसांत जमेल?"

"चार दिवसांत कुणालाच जमत नाही. मी महिनाभर थांबतो. तिकीट पुढे ढकल. फक्त तुझ्या काकूला तू सांग. मला धीर नाही."

पथक ठरल्या दिवशी गेले. काका पाच आठवडे राहिले. दिवसभर ते आणि अपियो समोरासमोर बसत. ते अरबीत रागावत, ती तिच्या भाषेत उलट बोलत, आणि दोघांचेही बरोबर चाले! ती चुकीच्या खाचेत भिंग ठेवी तेव्हा काका कपाळावर हात मारून घेत. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यांनी हात मारला नाही. तेव्हा मला कळले, की माझी भीती फुकट होती. हात परके नव्हते, नवे होते.

मावशीचा नंबर किसुमूला पाठवल्यापासून नवव्या दिवशी तिचा चष्मा आला. जाड काचांचा, तपकिरी. तो घालून तिने आधी आम्हा सगळ्यांना नीट पाहिले, मग दवाखान्याच्या पडद्यापाशी जाऊन कड हातात धरली.

"ही असली वाकडी शिलाई कोणी घातली?"

"तुम्हीच, मावशी. दोन वर्षांपूर्वी."

मावशीने पडदा तिथल्या तिथे उतरवला आणि उसवायला बसली. काका इतके हसले, की त्यांना स्वतःचाच चष्मा पुसावा लागला.

आता दर गुरुवारी अपियो मला उघडते. मासेमार येतात, शिक्षिका येतात, लांबच्या गावची माणसे येतात. गेल्या पावसाळ्यात तिने आणखी एका नर्सला शिकवायला घेतले. माझी काही भिंगे ओरखडली आहेत, एक बिजागरी बदलली आहे, पण मी कामात आहे आणि ठणठणीत आहे.

मित्रांनो, भिंग नेहमी कडेने धरा, मऊ फडक्याने पुसा आणि ज्याच्या त्याच्या खाचेत ठेवा. आणि कधी कुणाला मदत करायला गेलात, तर त्याने 'हो, बरं आहे' म्हटले म्हणून लगेच उठू नका. पुष्कळ माणसे भिडेखातर हो म्हणतात. तुम्ही थोडा वेळ तसेच बसून राहा.