आबासाहेब पैलवानांचा गोटा

मी गोटा बोलतोय. हैदराबादच्या जामबागेत आबासाहेब पैलवानांची तालीम आहे ना, तिच्या कोपऱ्यातला, कालपरवापर्यंत शेंदूर फासलेला तो मीच. लोक मला बघून हात जोडायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देव कसला हो? मी वजन आहे. मला उचलायचं असतं.

जन्मानं मी इथल्याच एका टेकडीचा तुकडा. एका पाथरवटानं छिन्नीनं मला गोल केलं, आणि आबासाहेबांनी बैलगाडीत घालून तालमीत आणलं. परभणीकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा, हैदराबादेत नोकरीला आलेला. पहिल्या दिवशी त्यांनी मला कसंबसं मांडीवर घेतलं आणि धपकन सोडलं. तेव्हा तालमीत आम्ही दोघंच होतो.

मग रोज पहाटे आमची झटापट. शेवटी मी त्यांच्या खांद्यावर गेलो. नामपल्लीच्या नुमाइशीत, त्या मोठ्या प्रदर्शनात, तर मला खांद्यावर घेऊन ते बशीतला चहा प्याले. थेंब सांडला नाही. माणसं वेडी झाली होती त्या दिवशी.

खरं एवढंच. पण मारणाऱ्याचा हात धरवतो, बोलणाऱ्याचं तोंड धरवत नाही. सांगता सांगता बशीची किटली झाली. माझ्यावर एक माणूसही बसला, मग दोन. माझं वजन तर दर नागपंचमीला वाढायचं. नवी मुलं यायची, गोष्ट ऐकायची आणि मला हात न लावताच निघून जायची.

आबासाहेब गेले, त्या वर्षीच्या नागपंचमीला त्यांच्या पट्टशिष्यानं, मुकुंदरावांनी, कुस्तीच्या हौद्याची पूजा करताना डोळे पुसत मला शेंदूर लावला. त्यात माया होती, मला कळतं. पण तिथंच घात झाला. गोटा उचलायचा तर आधी मांडीवर घ्यावा लागतो, आणि देवाला मांडी कशी लावायची? तेव्हापासून मी जागचा हललो नाही. अंगावर शेंदराची खोळ तेवढी चढत गेली.

यंदा तर कहर झाला. मला चौथऱ्यात कायमचं बसवायचं ठरलं. गवंडी येऊन घमेल्यात सिमेंटचा माल कालवू लागला. मला नखं असती तर मी ती कुरतडली असती.

तेवढ्यात तेजश्री आली, आबासाहेबांची नात. हिमायतनगरच्या जिममध्ये लोखंड उचलते, स्पर्धा खेळते. दारात चपला काढता काढताच म्हणाली, "मुकुंदआजोबा, मला एकदा ट्राय करू द्या ना. फिक्स केल्यावर चान्सच नाही."

"नक्को गं माय. देव आहे तो. देवाला कोणी मांडीवर घेतं का?"

"मग यशोदा कृष्णाला कुठं घ्यायची?"

गवंडी गालात हसला. मुकुंदराव मिशी चोळत राहिले. "हौ, घे," ते शेवटी म्हणाले. "पण कंबर सांभाळ."

ती वाकली, जोर लावला, आणि तिचे हात सटकले. शेंदूर तेलकट, पकड मिळायची कशी? दुसऱ्यांदाही तेच. ती हात पुसत म्हणाली, "आबा खरंच उचलायचे का हो? की नुसत्याच स्टोऱ्या?"

माझ्या काळजात चर्र झालं. मुकुंदरावांनाही ते लागलं असावं. त्यांनी गवंड्याच्या हातातली थापी घेतली, माझ्यापुढं उकिडवे बसले, "माफ कर देवा," म्हणाले आणि खोळ खरवडू लागले. शेंदराचे पोपडे पडत गेले. मग त्यांनी मला गोणपाटानं पुसलं आणि हौद्यातली माती चोळली, आबासाहेब चोळायचे तशी.

"सार, माल सुकायलाय," गवंडी म्हणाला.

"मग दारातल्या त्या फुटक्या पायरीला लावून टाक."

तेजश्रीची बोटं माझ्या खाली शिरली. मी हललो. जमीन सुटली. किती वर्षांनी सुटली! मी तिच्या मांडीवर बसलो, क्षणभरच, आणि धपकन खाली आलो.

"बस्स, मांडीपर्यंतच," ती हिरमुसून म्हणाली.

अगं पोरी, पहिल्या दिवशी तुझ्या आबांचंही एवढंच झालं होतं. पण ते पाहणारा मी एकटा, आणि माझं बोलणं तिला ऐकू जात नाही.

पायरी पक्की झाली, मी मोकळा राहिलो. तरी जिवाला चैन नाही. भिंतीपलीकडच्या इराणी हॉटेलात मुकुंदराव आज सकाळपासून सांगताहेत की पोरीनं गोटा छातीला लावला. उद्या ते मला तिच्या खांद्यावर चढवतील, आणि मग तीही मला हात लावायला घाबरेल.

म्हणून तुम्हाला विनवतो. तेजश्री भेटली तर तिला सांगा, आबांचीही सुरुवात मांडीपासूनच झाली होती. आणि तुम्ही कधी तालमीत आलात, तर माझ्यापुढं हात जोडू नका. हातांना माती लावा आणि वाका.