मधला तुकडा

डॉक्टरांनी सोमवारपासून गोड बंद करायला सांगितलं, तेव्हा ताईला वाटलं होतं की आई रडेल, निदान दोन दिवस रुसून तरी बसेल. आईने तसलं काही केलं नाही. घरी येऊन तिने चपला काढल्या, पंखा लावला आणि खुर्चीत बसून जाहीर केलं, “रविवारी मी तुझ्या हॉटेलात येणार. गोड सोडायचंच आहे, तर शेवटचा घास तुझ्या हातचा. टेबलावर बसून, ताटलीत, चमच्याने.”

ताई घाईघाईने म्हणाली, “घरी आणते ना मी. तिथे रविवारी फार गर्दी असते.”

“अकरा वर्षं हेच सांगतेस. गर्दी असते, आज बंद आहे, आज रंग लावलाय. तू तिथे काम करतेस की तिथे काही पुरून ठेवलंयस?”

ताईला सगळे ताईच म्हणत. हॉटेलातले, गल्लीतले, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. पंचेचाळिशीची, बोलायला कमी, हाताला पक्की. ज्या हॉटेलात ती कामाला होती तिथलं जेवण बरं होतं, पण लोक यायचे ते तिच्या संत्र्याच्या केकसाठी. तो मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये भाजायचा, चारही कडा कापून बाजूला काढायच्या, मधल्या भागाचे चौकोन पाडायचे, आणि मागणी आली की एकेक चौकोन गरम करून वर संत्र्याचा पाक आणि शेजारी थंडगार क्रीम. पाच मिनिटांत खाल्ला नाही तर त्यातली मजा गेली.

कापलेल्या कडा संध्याकाळी डब्यातून घरी यायच्या. आई त्या चवीने खायची आणि दर वेळी एक सूचना करायची, “हात चांगला आहे गं तुझा. फक्त जरा आधी काढत जा ओव्हनमधून. कडक होतो.” ताई “बरं” म्हणायची. अकरा वर्षं ती “बरं” म्हणत आली होती. त्या कडा आहेत, गिऱ्हाईकाला चालत नाहीत म्हणून घरी येतात, हे तिने आईला कधी सांगितलंच नव्हतं.

पण त्या दिवशी आईने पिच्छा सोडला नाही, तेव्हा ताईने दुसरी गोष्ट सांगून टाकली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात, दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे: ‘कर्मचाऱ्यांनी पुढच्या दालनात बसू नये. सुट्टीच्या दिवशीही नाही.’

आई इस्पितळाच्या लाँड्रीत तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली बाई. मोठमोठ्या डॉक्टरांना तिने डागाळलेल्या कोटावरून झापलं होतं. ती म्हणाली, “किती वर्षं झाली त्या कागदाला?”

“चार.”

“आणि तू रोज त्याच्याखाली उभी राहून केक करतेस?”

ताई चहा टाकायला उठली.

आता इथे मालकाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक समजून मोकळे व्हाल. तो तसा मुळीच नव्हता. पगार वेळेवर, आवाज कधी चढलेला नाही, कोणी आजारी पडलं तर स्वतः इस्पितळात चक्कर. चार वर्षांपूर्वी भांडी घासणारा माणूस सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन पुढे जेवायला बसला, आणि शेजारच्या टेबलावरून तक्रार आली. मालकाला भांडण नको होतं, म्हणून त्याने कागद लावला. दुष्ट माणसाने केलेला नियम मोडायला कुणालाही जोर येतो. भल्या माणसाचा नियम मात्र आपण निमूटपणे पाळतो, त्याला वाईट वाटेल म्हणून! आणि अशानेच तो पक्का होत जातो.

शुक्रवारी दुपारी ताईने स्वयंपाकघरातूनच आपल्या मोबाइलवरून हॉटेलचा नंबर लावला. पंधरा पावलांवर, काउंटरपाशी कॅप्टनने फोन उचलला. कॅप्टन म्हणजे वेटर लोकांचा प्रमुख. बावीस वर्षं उभ्याने नोकरी केलेला माणूस, घरीसुद्धा बसायचं विसरतो असं त्याची बायको म्हणायची.

“रविवारी दुपारी एक वाजता टेबल हवंय. दोन माणसं. काचेजवळचं.”

“कोण बोलतंय आपण?”

“मागे वळून बघा.”

कॅप्टनने वळून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. “ताई, थट्टा करू नका. ड्यूटीवर आहे मी.”

“मीसुद्धा. लिहून घ्या. ‘ताईंच्या आई’ असं लिहा.”

कॅप्टनने लिहून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

रविवारी सकाळचे केक भाजून ताईने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, आणि एकला पाच मिनिटं कमी असताना मायलेकी हॉटेलच्या पुढच्या दारापाशी आल्या. ताईने दार ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं, खांदा लावून ढकललं. आतली माणसं बघायला लागली. शेवटी कॅप्टनने आतून हळूच सांगितलं, “ताई, ओढायचंय. बाहेर उघडतं ते.” अकरा वर्षं ती मागच्या दाराने आत गेली होती. पुढचं दार कोणत्या बाजूला उघडतं हे तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

काचेजवळ दोघी बसल्या. आईने कापडी रुमाल उलगडला, अंगठ्याने चाचपला आणि निकाल दिला, “ओला असताना इस्त्री केलीय.” मग ती आरामात टेकून रस्त्याकडे बघत बसली.

मालक आला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ओठांपुरतंच. “ताई, आज इकडे कशा? मावशी, नमस्कार. आत या ना, स्वयंपाकघरात खुर्च्या टाकतो तुमच्यासाठी. छान गरम गरम देतो.”

“आत ओव्हन असतात,” आई म्हणाली. “खायला लोक इथे बसतात ना?”

मालकाने ताईला बाजूला यायची खूण केली. ताई जागची हलली नाही. मग तो खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, तुम्हाला नियम माहीत आहे. आज तुम्हाला बसू दिलं तर उद्या सगळे बसतील.”

“बसू देत की.”

“मावशींसाठी अख्खा केक घरी पाठवतो मी, माझ्यातर्फे. मग तर झालं?”

“डब्यातलं मी अकरा वर्षं खाल्लं,” आई म्हणाली. “आणि फुकट नको. गिऱ्हाईक म्हणून आलोय.”

मालक ताठ उभा राहिला. त्याने कॅप्टनकडे बघून नुसती मान हलवली, या टेबलाला काही द्यायचं नाही अशी. दहा मिनिटं गेली. आजूबाजूला ताटं आली, गेली. यांच्या टेबलावर साधं पाणीसुद्धा आलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत ताईच्या हाताखालच्या दोन्ही बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आणि मग शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बोलले. दर रविवारी सहकुटुंब येणारे, जाताना नीट बक्षिसी ठेवणारे. त्यांनी मालकाला जवळ बोलावलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतपत ठेवला. “या बाई इथे आत काम करतात ना? खिडकीतून बघितलंय मी. आम्ही चार घटका निवांत बसायला येतो हो. हे काय चालवलंय?”

मालकाने तोंड उघडायच्या आत आईने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“हो, माझी मुलगी इथेच काम करते. तुमच्या ताटलीत आहे ना, तो केक हिनेच केलाय. सकाळी पीठ हिच्या हातांनी फेटलं, संत्री हिच्या बोटांनी सोलली. हिचे हात तुमच्या तोंडापर्यंत आले ते तुम्हाला चाललं. आता हिची कोपरं शेजारच्या टेबलावर आली, तर तुमचा निवांतपणा मोडला?”

गृहस्थांचा चमचा हवेतच राहिला.

“मी इस्पितळातल्या चादरी धुतल्या,” आईचा आवाज चढला नव्हता, पण एकही शब्द खाली पडत नव्हता. “त्या चादरींवर मी कधी झोपू नये म्हणून कुणी कागद लावला नव्हता. आजारी पडले तेव्हा त्याच चादरींवर झोपले, आणि कुणाचा ताप त्यामुळे वाढला नाही!”

मालकाचा संयम सुटला. “ताई, पुरे झालं. उद्या कामावर यायचं की नाही ते आता तुम्हीच ठरवा.”

ताई इतका वेळ टेबलाकडे बघत होती. हॉटेल सुटलं तर या वयात दुसरीकडे कोण घेणार, घर कसं चालणार, हे सगळं तिच्या डोक्यात शुक्रवारपासून फिरत होतं. पण तिने मान वर केली तेव्हा तिला स्वतःलाच नवल वाटलं, कारण भीती वाटत नव्हती.

“उद्या सहा वाजता मी येणार. रोजच्यासारखी. नको असेन तर तसं लेखी द्या, कारणासकट. लिहा की ही आईबरोबर खुर्चीवर बसली. मी तो कागद घरी भिंतीवर लावीन. तुम्ही तुमचा लावलाय तसा.”

तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. कॅप्टन टेबलापाशी उभा राहून पेल्यांत पाणी ओतत होता.

“कॅप्टन!” मालक म्हणाला.

“साहेब, ऑर्डर घेतोय,” कॅप्टन म्हणाला. “बावीस वर्षांत टेबलावर बसलेल्या माणसाला मी पाण्याविना ठेवलं नव्हतं. आज दहा मिनिटं ठेवलं. मला नाही जमत. माझ्या बायकोने हे हॉटेल बाहेरून काचेतूनच बघितलंय. आत कसं आहे, असं विचारते ती. काय सांगू तिला?” मग तो आईकडे वळला. “काय आणू, आजी?”

“संत्र्याचा केक. एकच. दोन चमचे.”

खिडकीतून ताटली बाहेर आली; आतल्या बायकांनी ती सांगायच्या आधीच तयार ठेवली होती. वाफ निघत होती. आईने चमचा टेकवला, तर तो सरळ खाली गेला. तिने घास तोंडात घातला आणि ती थांबली. दुसरा घास घेतला.

“हा तू केलास?”

“हो.”

“हा तर लोण्यासारखा मऊ आहे!” आईने ताटलीतला तुकडा चमच्याने फिरवून चारही बाजूंनी बघितला. “मग घरी आणतेस तो कोणता?”

ताईने आपला चमचा खाली ठेवला. “त्या कडा असतात, आई. कापून टाकायच्या असतात त्या.”

आई तिच्याकडे बघतच राहिली. “आणि मी अकरा वर्षं तुला सांगतेय, जरा आधी काढत जा म्हणून! मला वाटायचं, माझ्या पोरीला शिकवायला कुणी नव्हतं म्हणून तिचा केक थोडा करपतो. सगळ्या गल्लीत सांगत फिरले मी तसं. आणि तू नुसती बरं म्हणत राहिलीस!” तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ताईला तर हुंदकाच फुटला.

मालक दोन पावलांवर उभा होता. कडा कापायच्या हा नियम त्याचाच होता. कडा कडक असतात, गिऱ्हाईकाला द्यायच्या नाहीत, हे त्यानेच ताईला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ज्या बाईच्या जिवावर दर रविवारी हॉटेल भरायचं, तिच्या जन्मदात्रीला तिच्या केकची खरी चवच ठाऊक नव्हती! त्याने चाचरत विचारलं, “मावशी, फार वाईट लागायच्या का हो कडा?”

“वाईट नाही. पण तुमचं उरलेलं खाऊन मी माझ्या मुलीची पारख केली, याचं वाईट वाटतं.”

शेजारचे गृहस्थ उठले आणि बायकोला म्हणाले, “चला.” बायको केक खात होती. “तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मी संपवून येते.” गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले आणि मुकाट्याने परत बसले.

मालक आत गेला. बाहेर आला तेव्हा तो पिवळा पडलेला कागद त्याच्या हातात होता, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लोंबत होती. “चुकलं माझं,” तो म्हणाला. “एका गिऱ्हाईकाला दुखवायला नको म्हणून मी तुम्हा सगळ्यांना दुखवलं. आजपासून कुणीही बसा. त्या कोपऱ्यातलं टेबल मी तुमच्यासाठीच राखून...”

“कोपरा नको,” ताई म्हणाली. “रिकामं असेल ते टेबल. सगळ्यांना देता तसं.”

मालकाने एकदा आईकडे बघितलं, एकदा ताईकडे. “बरं,” तो म्हणाला. या वेळी बरं म्हणायची पाळी त्याची होती.

नागरिकहो, चार वर्षं तो कागद मालकाने लावून ठेवला होता, हे खरं. पण त्याला तो लावायला लावणारे आपण होतो, काचेजवळ बसून चमचा हलवणारे तुम्ही-आम्ही. पुढच्या खेपेला बाहेर खायला जाल, तेव्हा पदार्थ कसा आहे हे जरूर सांगा, पण एकदा हेही विचारा की तो करणाऱ्या माणसाला या खुर्चीवर बसायला परवानगी आहे का. नसेल, तर ती खुर्ची आपल्याही बसण्याच्या लायकीची नाही. उठून उभे राहा!

पुढच्या रविवारी दुपारी एक बाई हॉटेलचं दार जोर लावून ढकलत होत्या. कॅप्टन धावत गेला, दार बाहेर उघडून धरलं आणि बावीस वर्षांच्या सवयीने विचारलं, “किती माणसं, बाई?”

“एकटीच,” त्याची बायको म्हणाली. “आमच्या ह्यांना ड्यूटी आहे.”