सतरा नंबरचे खांदे

सगळे त्याला वायरमन म्हणत, पण त्याच्या हातून शेवटचा पंखा बसला त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. चाळीस वर्षं या माणसाने स्टुलावर उभं राहून, छताकडे हात करून काम केलं. सोबतीला दिवसाची दोन बंडलं विडी आणि भिंतीत खाचा पाडताना उडणारी सिमेंटची धूळ. फुप्फुसांनी कधी हात टेकले ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कळलं ते सदरा काढताना. सदरा डोक्याशी अडकला, दोन्ही हात वर, आणि धाप अशी लागली की बायकोने धावत येऊन तो ओढून काढला.

विडी सुटली. औषधं आली, तोंडात मारायचा पंप आला. हात मात्र वर जाईनात. केस विंचरायचे तरी मध्ये टेकायला लागायचं.

छातीच्या डॉक्टरांनी त्याला खालच्या मजल्यावर फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती सत्तावीस वर्षांची होती, पुढची पदवी घेत होती, आणि तिचा प्रबंध नेमका याच दुखण्यावर होता. फुप्फुसं आजारी पडली की श्वास ओढायला मानेचे आणि खांद्यांचे स्नायू जुंपले जातात. वर्षानुवर्षं ओढून ते आखडतात, खांदे वर आणि पुढे येतात, पाठीला बाक येतो, बरगड्या ताठरतात. मग हात उचलायची वेळ आली की त्याच स्नायूंना दोन कामं. ते बिचारे श्वास सोडून हाताकडे जातात आणि माणसाला धाप लागते. फुप्फुसं आहेत तशीच राहिली, पण छाती आणि खांदे मोकळे केले, तर हात चालतील का? एवढंच तिला बघायचं होतं. त्यासाठी चाळीस रुग्ण हवे होते. वायरमन सतरावा.

तिने त्याला भिंतीला टेकून उभं केलं. डोकं भिंतीला लागलंच नाही, सहा सेंटिमीटर अंतर राहिलं. आडवं झोपवून खांदा खाटेपासून किती वर राहतो ते मोजलं. छातीला टेप गुंडाळून खोल श्वास घ्यायला लावला. छाती जेमतेम दोन सेंटिमीटर फुगली.

"काका, अजून घ्या."

"घेतला की. एवढाच येतो. गोडाऊन भरलंय म्हणतात डॉक्टर, जुना मालच बाहेर निघत नाही."

शेवटी तिने समोर लाकडी फळी ठेवली. फळीवर चार खुंट्या, दोन खांद्याच्या उंचीवर, दोन त्याहून वर. सहा मिनिटं कड्या खालून वर आणि वरून खाली टाकायच्या.

"हे बालवाडीतलं काय आणलंत, मॅडम?" तो हसला. चौथ्या मिनिटाला त्याचं हसणं थांबलं. कड्या भरल्या एकशे अडुसष्ट.

मग कोण कुठल्या गटात ते ठरवणारं बंद पाकीट फोडलं. एका गटाला चालणं आणि श्वासाचे व्यायाम, दुसऱ्याला तेच, वर खांदे आणि छाती मोकळी करायचे. वायरमनच्या पाकिटातून पहिला गट निघाला.

"म्हणजे आमची लॉटरी हुकली."

"आठ आठवडे थांबा, काका. मग तुम्हालाही तेच शिकवणार. मी लिहूनच दिलंय."

दोन्ही गट एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तिने वार वेगळे ठेवले होते. एकाला सोमवार-गुरुवार, दुसऱ्याला मंगळवार-शुक्रवार. सगळं चोख बसवलं, असं तिला वाटलं होतं.

आठ आठवड्यांनी वायरमन बायकोला घेऊन शेवटच्या मापांना आला. फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या फुंकायच्या चाचणीत काहीच फरक नव्हता. पण छाती तीन सेंटिमीटर फुगली. खांदा खाटेकडे खाली आला होता. कड्या झाल्या दोनशे तीन. तिने आधी मनातल्या मनात टाळी वाजवली आणि मग तिच्या लक्षात आलं, हे त्याच्या गटात व्हायला नको होतं.

"घरी काय करता तुम्ही, काका?"

"तुम्ही सांगितलंय तेच."

"तेच?" बायको उसळली. "अहो डॉक्टर, हा माणूस सकाळ-संध्याकाळ दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून छाती पुढे काढून उभा राहतो. आत जायचं नाही, बाहेर यायचं नाही! हातात भांडं घेऊन मी ताटकळते. काय तर म्हणे, तीस आकडे मोजू दे."

चौकटीचा व्यायाम दुसऱ्या गटाचा होता. तीस आकडेसुद्धा.

वायरमनने मान खाली घातली. "बुधवारी वर छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसतो ना आम्ही. बाकावर मास्तरीणबाई असतात. त्यांनी दाखवलं."

बुधवार! दोन्ही गट बुधवारी एकाच बाकावर तास-तास बसत होते, आणि चार वार मांडताना हा पाचवा तिच्या डोक्यातच आला नव्हता.

"आता मला काढून टाकणार का?" वायरमनने विचारलं. "मी फसवलं नाही हो. बरं वाटायला लागलं म्हणून करत गेलो."

"तुमचं काही चुकलं नाही, काका," एवढंच ती म्हणाली.

मास्तरीणबाई दुसऱ्या गटातल्या, निवृत्त शिक्षिका. तिने त्यांना गाठलं तेव्हा त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"समोर माणूस कुबड काढून बसलेला दिसला की मला राहवत नाही. आणि मी ज्या कागदावर सही केली, त्यात शिकवायचं नाही असं कुठे होतं?"

तिने घरी जाऊन कागद वाचला. खरंच नव्हतं.

"एकट्या वायरमनकाकांनाच शिकवलंत ना?" तिने दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं.

"एकूण चौघं. पाचवा उनाड होता, त्याचा नाद सोडला."

दोन वर्षांच्या कामातले, पहिल्या गटातल्या वीसपैकी चार नासले. ती खोलीत फळीसमोर बसून राहिली. सतरा नंबरचा तक्ता तिच्या एकटीकडे होता. तो हरवला असता तर कोणी विचारलं नसतं. रुग्ण यायचे थांबतात, असे तीन आधीच थांबले होते. हा विचार मनात आला याचीच तिला जास्त लाज वाटली. तक्ता उचलून ती थेट प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांकडे गेली.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "काढायचं कोणालाच नाही. पाकिटातून जो गट निघाला, त्याच गटात माणूस मोजायचा. आणि बाकावर काय घडलं ते जसंच्या तसं लिहायचं."

"पण मग दोन गटांत फरकच कमी दिसेल, सर."

"जेवढा आहे तेवढा दिसेल. तुला कोणता दाखवायचा होता?"

फरक कमीच दिसला. कड्यांमध्ये तो टिकला, खांद्यांच्या मापात निसटता राहिला आणि छातीच्या फुगण्यात ठामपणे काही म्हणता येईना. नजरेतून सुटलेल्या बुधवारावर तिने पानभर लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं.

"हे चौघं व्यायाम रोज करत होते?"

"हो. घरच्यांना विचारून खात्री केली."

"आणि ज्यांना तुम्ही स्वतः शिकवलं, त्यांच्यापैकी रोज किती जण करत होते?"

"वीसपैकी अकरा."

परीक्षकांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमच्यापेक्षा त्या बाईंचं लोक जास्त ऐकतात."

खोलीत हशा पिकला. तीही हसली, पण ते तिला लागलं, आणि पटलंही. पदवी मिळाली. विभागात नोकरी लागल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती ही, की मास्तरीणबाईंना आठवड्यातून एकदा रुग्णांच्या व्यायामवर्गावर रीतसर शिकवायला बोलावलं. बाई वेळेच्या दहा मिनिटं आधी येतात आणि उशिरा येणाऱ्यांना बोलतात. मध्ये धाप लागली की खुर्चीत बसून बोलतात.

वायरमन थंडीत आजारी पडला. छातीत जंतू शिरले, दहा दिवस दवाखान्यात काढले, आणि घरी आला तो खांदे पुन्हा कानाशी घेऊन. तो पुन्हा विभागात आला तेव्हा तिने फळी मांडली. कड्या झाल्या एकशे एक्कावन्न.

"आधीपेक्षाही कमी?" तो आकड्याकडे बघत राहिला. "सगळं पाण्यात गेलं म्हणा."

"या आजारात असं होतं, काका. एक दुखणं आलं की सहा महिन्यांची कमाई जाते. परत सुरू करायचं."

"किती वेळा?"

"जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा."

बायकोने त्याच्या पाठीवरून सदरा नीट केला आणि म्हणाली, "चला, मी स्वयंपाकघराच्या दारातून ये-जा करते. पुढची चौकट तुमची."

गेल्या महिन्यात त्याच्या कड्या एकशे ब्याऐंशी भरल्या. सदरा तो आता स्वतः काढतो, खाटेवर बसून, मध्ये एकदा थांबून.