खांद्याला झेपेल अशी रायफल

टॉमने काउंटरवर तिसरी रायफल आडवी ठेवली. मुरलीधर सरांनी ती उचलून खांद्याला लावली, आणि मी भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या हरणाच्या डोक्याकडे बघत उभी राहिले. रायफलीचं टोक किती हलतंय ते मला बघायचं नव्हतं.

सर हाडांचे सर्जन, मी भूलतज्ज्ञ. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातल्या एका हॉस्पिटलात आम्ही वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी उभे आहोत. ते हाडं जोडतात, मी माणूस झोपवते आणि परत उठवते. ते गडहिंग्लजचे, मी पुण्याची, त्यामुळे आमची भांडणं मराठीत होतात आणि नर्सेसना वाटतं आम्ही फार गंभीर चर्चा करतोय. त्या शनिवारी सरांचा खांदा दुखत होता म्हणून टॉमच्या बंदुकांच्या दुकानापर्यंत गाडी मी चालवली होती. खांदा दुखतो हे त्यांचं म्हणणं.

त्यांची जुनी रायफल थ्री-ओ-एट. हा आकडा म्हणजे गोळीची जाडी, एवढं मलाही आता कळतं. आकडा मोठा तशी गोळी मोठी आणि खांद्याला बसणारा धक्काही मोठा. सरांना आता धाकटी हवी होती, टू-फोर-थ्री. फ्रिज घ्यायच्या आधी आपल्यातला माणूस जेवढा अभ्यास करतो, तेवढा त्यांनी या खरेदीसाठी केला होता. ऑपरेशन चालू असताना हाडाला भोक पाडता पाडता मला गोळ्यांची वजनं ऐकवायचे. मधली टू-सेव्हन्टी घ्यावी की कसं, यावर भूल दिलेल्या पेशंटचं मत तेवढं विचारायचं राहिलं होतं.

एवढं सगळं सुरू झालं ते सप्टेंबरात, हरणांचा मोसम उघडल्यावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरांचा नेम चुकला. गोळी पोटात घेऊन हरण जंगलात शिरलं. सर आणि टॉम, टॉमचा कुत्रा घेऊन, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते शोधत होते. सापडलं तेव्हा ते जिवंत होतं आणि शेवटची गोळी टॉमने घातली. सरांनी निदान केलं, की दोष धक्क्याचा. मोठ्या रायफलीचा धक्का बसणार या धास्तीने माणूस आधीच दचकतो आणि नेम हलतो. गोळी लहान घेतली की झालं.

शास्त्र चुकीचं नव्हतं. पण उन्हाळ्यात याच माणसाने ड्रिल जड आहे म्हणून ते बदलून घेतलं होतं. मग दिवा नीट पडत नाही म्हणून कुरकुर केली. मग हातमोजे एक नंबर लहान घेतले. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कोणाला मी तोंडावर म्हटलं असतं. पण सरांना नाचता येत होतं, हीच तर रड होती. हा माणूस या देशात कन्सल्टंट, म्हणजे कायमचा वरिष्ठ सर्जन, झाला नाही. मुलाखती दिल्या, नंतर द्यायच्याही सोडल्या. तरी आसपासच्या गावांतली म्हातारी माणसं येऊन सांगत, आम्हाला तो मुरली हवा. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, हात होता. तो हात आता चालताना अंगाशी चिकटून राहायचा आणि मांडीवर ठेवला की अंगठा आपला आपण हलायचा. यातलं काय कशाचं लक्षण, ते मेडिकलच्या पोरांनाही कळतं. पार्किन्सन्स हा शब्द आम्ही दोघांनी उच्चारला नव्हता एवढंच.

सरांनी टू-फोर-थ्री खाली ठेवली आणि हीच घेतो म्हणाले. टॉमने पैशाचं काही काढलं नाही. तो फडक्याने उगाच काउंटर पुसत राहिला. मग म्हणाला की ही रायफल ग्रँड आहे, खांद्याला जपते, पण हाताला माफ करत नाही. लहान गोळी अगदी जागच्या जागी बसायला लागते. जरा इकडेतिकडे झाली, तर मागच्यासारखं नव्हे, त्याहून वाईट. हे बोलताना तो सरांकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता. सर म्हणाले, विचार करून सांगतो.

मी गाडी गावाबाहेर काढली. मग सरांनी विचारलं, "माझ्या जागी तू असतीस तर कुठली घेतली असतीस?"

"कुठलीच नाही, सर."

त्यांनी उजवा हात खिशात घातला. म्हणाले, "तू गाडी चालव."

खंडेनवमीला दरवर्षी त्यांच्याकडे शस्त्रपूजा असते. स्नेहलता वहिनींचं देवघर किचनमधल्या प्रेसमध्ये आहे. इथे कपाटाला प्रेसच म्हणतात आणि आता वहिनीही म्हणतात. पाटावर सरांची रायफल, ते शिकताना वापरलेला हाडांचा हातोडा, वहिनींची विळी आणि घशात नळी घालायचा माझा जुना लॅरिंगोस्कोप. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूऐवजी दुकानातली पिवळी शेवंती. पुजलेली हत्यारं त्या दिवशी वापरायची नाहीत, दसऱ्याला सकाळी उचलायची आणि कामाला लागायचं. सरांनी स्वतः पूजा केली. कुंकू पाटावर सांडलं, ते वहिनींनी पुसलं. जेवताना मी सांगितलं की उद्या पहिलीच केस एका लहान मुलीच्या कोपराची आहे, झाडावरून पडली आहे. त्या कोपरात सुईएवढ्या तारा घालायच्या असतात आणि शेजारूनच हाताची नस जाते. सर श्रीखंड कालवत राहिले. मी त्या रात्री घरी जाऊन ठरवलं, की सकाळी ते निघालेच तर हॉस्पिटलला कळवायचं. आमच्या सरांची तक्रार मी करणार होते.

सकाळी त्यांना न्यायला गेले तर ते टाय लावून तयार होते. माझ्यासारखंच त्यांनाही झोप लागली नसावी. वहिनींनी पाटावर दही-भात ठेवला, पाट हलवला आणि म्हणाल्या, "उचला आता आपापलं." मी माझं उचललं. सर उभेच राहिले.

"माझं राहू दे," ते म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, "खांदा दुखतोय का? अहो, डावीकडून उचला."

सरांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "देवयानी, हॉस्पिटलला फोन तू कर. मला काय बोलायला जमणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणावं, त्या पोरीचा कोपर मी धरणार नाही."

"काय सांगू?"

"खरं काय ते सांग. खांद्याचं नाव घेऊ नको."

वहिनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्या खुर्चीवर बसल्या. मी खिडकीशी जाऊन फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. पलीकडचा माणूस चांगला होता, फारसं विचारलं नाही त्याने. मला हायसं वाटायला हवं होतं. मला नुसतं रडू येत होतं. घरातलं माणूस गेल्यावर कळवायचे फोन करतात, तसा तो फोन होता.

वळले तेव्हा सर समोर उभे होते. आपटा इथे मिळत नाही, म्हणून वहिनी कुंपणाच्या झुडपाची पानं सोनं म्हणून वाटतात. त्यातलं एक पान सरांनी उजव्या हाताने पुढे केलं होतं. पान थरथरत होतं. एरवी तो हात त्यांनी केव्हाच खिशात घातला असता.

"सोनं घे," ते म्हणाले.

मी दोन्ही हातांनी ते घेतलं, वाकून नमस्कार केला आणि एकटीच कामाला निघाले.